झडतीचा संसार

"आमच्यात लपवण्यासारखं काही नाही. तिच्या फोनचा पासवर्ड मला माहीत आहे, माझा तिला." सुखी सहजीवनाचा दाखला म्हणून हे वाक्य हल्ली हमखास ऐकवले जाते. भांडणात हेच वाक्य उलटून येते: "लपवण्यासारखं काही नसेल, तर दाखवायला काय हरकत आहे?" पहिल्यात प्रेम आहे आणि दुसऱ्यात धाक, असे वरवर वाटते. पण दोन्हींमागचे गृहीतक एकच आहे. एकत्र राहणाऱ्या दोघांमध्ये जे उघडे ते विश्वासाचे, जे झाकलेले ते संशयाचे. हे गृहीतक उथळ तर आहेच, शिवाय ते गाडी उलट्या दिशेने नेते. जोडीदाराला तपासण्याची मुभा मिळाली की विश्वासाची गरजच उरत नाही. ती मुभा विश्वासाची खूण कशी ठरेल? जोडीदाराच्या आयुष्याचा काही भाग आपल्याला बंद असावा लागतो, तेव्हाच विश्वास ठेवण्याला काही अर्थ येतो. हे म्हणणे मला पायरीपायरीने मांडायचे आहे आणि त्यावरचे आक्षेपही टाळायचे नाहीत, कारण त्यातले दोन तरी वजनदार आहेत.

१. आडोसा दोघांना मिळाला, एकेकाला नाही

आपल्याकडे घरातल्या खासगीपणाचा इतिहास हा मुख्यतः जागेच्या टंचाईचा आणि वडीलधाऱ्यांच्या नजरेचा इतिहास आहे. वाड्यात थोरांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलणेही अप्रशस्त मानले जाई. रमाबाई रानड्यांच्या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींमध्ये पतीने बायकोला शिकवणे ही गोष्टसुद्धा घरातल्या बायकांच्या रोषाचा विषय कशी होते, ते दिसते. पुढे मुंबईत बीडीडी चाळींच्या 160 चौरस फुटांच्या खोलीत दोन-दोन पिढ्या नांदल्या. अशा घरांत खासगीपण म्हणजे नवरा-बायकोला बाकीच्यांपासून मिळणारा आडोसा, एवढाच अर्थ असणार होता. म्हणून वन-बीएचके फ्लॅट आला, दाराला आतून कडी लागली, तेव्हा प्रश्न सुटला असे आपण धरून चाललो. कडीच्या आत जी दोन माणसे आहेत, त्यांतल्या प्रत्येकाचे स्वतःचे असे काही राखीव असू शकते, ही गोष्ट विचारातच आली नाही.

उलट एक जुनी सोय मात्र हातची गेली. त्या गर्दीच्या घरांत स्त्रीला नवऱ्याबाहेरचे एक जग होते: पाणवठा, दुपारचे स्वयंपाकघर, माहेर, मंगळागौरीचे जागरण. नवऱ्याला तिथे शिरकाव नव्हता आणि फारशी उत्सुकताही नव्हती. पुरुषाला पार होता, तालीम होती, नाक्यावरचा कट्टा होता. हा काळ सुखाचा होता असे मी म्हणत नाही. सासूची नजर नवऱ्याच्या नजरेहून कडक असे. पण एकाच माणसाला आपले सर्वस्व सांगावे आणि त्यानेही आपल्याला सांगावे, अशी मागणी कोणी कोणाकडे करत नव्हते. आजच्या दोन माणसांच्या घरात मित्र, मैत्रीण, सल्लागार, कबुलीजबाब ऐकणारा आणि पाळतीवरचा पहारेकरी या सगळ्या भूमिका एकाच जोडीदाराच्या पदरात पडल्या आहेत.

लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांचे तर दुहेरी झाले आहे. घरमालकाला काय सांगायचे, सोसायटीच्या सेक्रेटरीला काय सांगायचे, यात त्यांची निम्मी ताकद खर्च होते. उत्तराखंडमध्ये जानेवारी 2025पासून अशा नात्याची सरकारदरबारी नोंदणीच सक्तीची झाली. बाहेरून इतका वेढा असला की दोघे मिळून किल्ला बांधतात, आणि किल्ल्याच्या आत स्वतःची वेगळी खोली मागणारा फितूर वाटू लागतो. परंपरा झुगारून एकत्र राहणारी तरुण जोडपी फोनच्या बाबतीत आपल्या आई-वडिलांपेक्षा जास्त कर्मठ का असतात, याचे एक उत्तर मला इथे दिसते.

२. माहिती जिथे संपते

जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी 1908 सालच्या आपल्या ग्रंथात विश्वासाची जागा अचूक दाखवली. त्यांच्या मते विश्वास हा माहिती असणे आणि माहिती नसणे यांच्या मधला असतो. ज्याला सगळे माहीत आहे त्याला विश्वास ठेवावा लागत नाही. ज्याला काहीच माहीत नाही त्याला तो ठेवता येत नाही. ही मांडणी मान्य केली की पहिला निष्कर्ष आपोआप निघतो. जोडीदाराचे प्रत्येक संभाषण, प्रत्येक व्यवहार, प्रत्येक क्षणाचे लोकेशन ज्याच्या हाती आहे, तो खात्री करून घेतो आहे. त्याने जोडीदारावर विश्वास ठेवला आहे की नाही, हे त्याचे त्यालाही कळायला मार्ग नाही.

त्यात ही खात्री टिकाऊ नसते. फोनमध्ये काही सापडले नाही, तर खोडून टाकले असेल. लोकेशन ऑफिसचे दाखवते आहे, पण ऑफिसात सोबत कोण आहे? ‘लास्ट सीन’ रात्री दीडचा आहे, मग दीडपर्यंत कोणाशी? तपासणीतून मिळणारे प्रमाणपत्र त्या दिवसापुरते असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावे लागते. ज्याने फोन एकदा पाहिला तो दुसऱ्यांदा पाहतोच, याचे कारण त्याचा स्वभाव वाईट असतो असे नाही; पहिल्या वेळी त्याला जे हवे होते ते फोनमध्ये नव्हतेच.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की पाळत ज्याच्यावर आहे त्याचे वागणे पाळतीमुळे बदलते. त्याला ठाऊक असते की हे वाचले जाणार आहे. तो तसे लिहितो, तसे हसतो, तसे मित्र निवडतो. हा माणूस कोणी पाहत नसताना कसा वागेल, एवढेच खरे तर आपल्याला जाणून घ्यायचे होते, आणि नेमके तेच कळण्याचा मार्ग आपण आपल्या हाताने बंद केला.

झिमेल आणखी एक गोष्ट सुचवतात, आणि ती लग्नाविषयीच आहे. सुरुवातीच्या उत्कटतेत स्वतःजवळचे सगळे देऊन टाकणारी माणसे पुढे एकमेकांसमोर रिकाम्या हातांनी उभी राहतात. मी याला एक जोड देईन. सांगण्याला किंमत येते ती न सांगण्याची मोकळीक असल्यामुळे. जुनी एखादी भीती, पूर्वीच्या प्रेमाची एखादी सल, वडिलांविषयीचा राग माणूस आपण होऊन जोडीदारापुढे ठेवतो, तेव्हा त्याने काही दिलेले असते. तीच गोष्ट डायरी उघडून वाचली तर हाती येते ती फक्त माहिती. दोन्हींत मजकूर एकच, नाते वेगळे.

खासगी ठेवणे आणि चोरून करणे यांतला फरकही इथेच नोंदवायला हवा. सुनीताबाई देशपांडे जी. ए. कुलकर्णींना दीर्घ पत्रे लिहीत होत्या. ती पुढे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने ग्रंथरूप झाली. विवाहित स्त्रीचा एका लेखकाशी असा स्वतंत्र वैचारिक स्नेह असू शकतो आणि त्यातले शब्द हे तिचे आणि त्या लेखकाचे असू शकतात, हे त्या पिढीतल्या काही घरांना पचले होते. स्नेह आहे हे उघड असावे आणि स्नेहातला मजकूर दोघांचा असावा, यात कसलाही विरोधाभास नाही.

३. फोनमध्ये दोघेच नसतात

"माझा फोन आहे, मी तो माझ्या माणसाला दाखवीन" हे औदार्य अर्धे दुसऱ्यांच्या खिशातून केलेले असते. त्या फोनमध्ये मैत्रिणीच्या मोडत चाललेल्या लग्नाची हकीकत असते, बहिणीच्या गर्भपाताचे रिपोर्ट असतात, सहकाऱ्याच्या पगाराचा आकडा असतो, भावाने मागितलेल्या उसनवारीची अजिजी असते. डॉक्टरच्या फोनमध्ये रुग्ण असतात, वकिलाच्या फोनमध्ये अशील. या लोकांनी आपली गोष्ट एका व्यक्तीला सांगितली होती, जोडप्याला नाही. व्हॉट्सअॅपने 2016 साली सर्व संदेशांना कुलूपबंद वाट दिली, म्हणजे मधल्या मार्गावर ते कंपनीलाही वाचता येऊ नयेत. पण त्या वाटेचे टोक जर दोन माणसांच्या हातात असेल, आणि पलीकडच्याला त्याची कल्पना नसेल, तर कुलपाचा उपयोग काय? जोडीदाराचे चॅट आपल्या लॅपटॉपवर ‘लिंक’ करून ठेवणाऱ्याला आपण फक्त जोडीदाराचे वाचतो आहोत असे वाटते. तो पन्नास जणांचे वाचत असतो.

पारदर्शकतेच्या बाजूने बोलणाऱ्यांकडून या मुद्द्याचे उत्तर मी अजून ऐकलेले नाही. दोघांनी आपापल्या मर्जीने आपले सगळे एकमेकांना देऊन टाकले, हे घटकाभर मान्य करू. तिसऱ्याचे देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

४. ‘दोघांच्या संमतीने’

संमती असेल तर तक्रार कसली, असे म्हटले जाते. ती संमती कशी मिळते ते पाहू. 2019-21च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात 54 टक्के होते. म्हणजे जवळपास निम्म्या स्त्रियांकडे झडती घेण्याजोगा फोनच नव्हता, आणि उरलेल्यांपैकी कितीतरी जणींच्या हातात तो नवऱ्याने घेऊन दिलेला, नवऱ्याने रिचार्ज केलेला. ‘पासवर्ड दोघांचेही उघडे’ ही समता कागदावरची. घर कोणाच्या नावावर, पगार कोणाचा मोठा, उद्या वेगळे व्हायचे ठरले तर रात्री कोणाला कुठे जावे लागेल, यावर नकाराची किंमत ठरते. आणि जिथे नकार म्हणजेच गुन्ह्याची कबुली असे मानले जाते, तिथे होकाराला संमती म्हणणे ही शब्दांशी केलेली बेइमानी आहे.

याच सर्वेक्षणातली एक बाब मला बोलकी वाटते. वैवाहिक नियंत्रण मोजण्यासाठी स्त्रियांना जे प्रश्न विचारले जातात, त्यांत नवरा मैत्रिणींना भेटू देत नाही का, पैशांच्या बाबतीत विश्वास ठेवत नाही का, यांच्या बरोबरीने ‘तू कुठे आहेस हे सतत कळलेच पाहिजे असा हट्ट धरतो का’ हाही प्रश्न आहे. सरकारी सर्वेक्षणाने ज्याची नोंद नियंत्रण म्हणून केली, ते आता मोबाइलमधल्या एका बटणाने, काळजीच्या नावाखाली आणि हसतमुखाने होते.

५. न्यायालये दोन्ही दगडांवर

विवाहित व्यक्तीचे स्वतःचे असे काही उरते की नाही, हा वाद आपल्या न्यायालयांत जुना आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईतच झाली. बालपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. 1885 साली न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला; 1887 साली न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा आदेश दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे 1888 साली पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. जवळजवळ शंभर वर्षांनी, 1983 साली, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. चौधरी यांनी हिंदू विवाह कायद्यातले ‘नांदायला पाठवण्याचे’ कलम 9 स्त्रीच्या खासगीपणावरचा घाला म्हणून रद्द ठरवले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाला मात्र घरात राज्यघटना आणणे म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणे वाटले, आणि 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवले. ते आजही आहे.

2017 साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर चित्र पालटेल असे वाटले होते, आणि काही अंशी पालटलेही. 2023 साली कर्नाटक उच्च न्यायालयाने, बायको आहे एवढ्यावर नवऱ्याच्या आधारची माहिती परस्पर मागता येणार नाही, असे सांगितले. 2025 साली छत्तीसगड उच्च न्यायालयाने बायकोवर मोबाइलचे नि बँकेचे पासवर्ड देण्याची सक्ती नवऱ्याला करता येत नाही, असा निर्वाळा दिला. पण त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नवऱ्याने चोरून रेकॉर्ड केलेले बायकोचे संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल, असे म्हटले. एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर नाते आधीच मोडले आहे, असे न्यायालयाचे निरीक्षण होते.

निरीक्षण खरे आहे आणि निकालामागे न्याय्य कारणही आहे: चार भिंतींच्या आत जिचा छळ होतो तिच्याजवळ कधीकधी रेकॉर्डिंगशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. भीती वेगळी आहे. न्यायालयाने मोडलेल्या घरासाठी दिलेली सवलत चालू घराचा नियम होऊन बसते. ‘उद्या लागेल’ म्हणून आजच रेकॉर्डिंग सुरू करणारा माणूस बैठकीच्या खोलीत बसून खटल्याची तयारी करत असतो, आणि समोरचा मात्र अजून संसारच करत असतो.

६. आक्षेप

चोचले. तीनशे चौरस फुटांत चार माणसे राहतात, तिथे स्वतंत्र अवकाशाच्या गप्पा हे श्रीमंतांचे चोचले, असा पहिला आक्षेप. व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1929 साली स्वतःची खोली मागितली, ती सगळ्यांना मिळणार नाही हे खरेच. पण खासगीपण भिंतींपेक्षा वागण्यातून जास्त तयार होते. चाळीत पलीकडच्याचे भांडण ऐकू आले तरी सकाळी नळावर त्याचा उच्चार करायचा नाही, ही रीत गरिबांनीच पाळली. दुसऱ्याचा फोन न उचलण्याला जागा लागत नाही.

घराआडची हिंसा. हा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो स्त्रीवाद्यांचा आहे. ‘घरातली बाब’ या पडद्याआड पिढ्यानपिढ्या मारहाण झाली. मग खासगीपणाचा पुरस्कार पुन्हा कशाला? 2017च्या निकालातही या टीकेची दखल आहे. माझे उत्तर पहिल्या मुद्द्यातच दडलेले आहे. मारहाणीला आडोसा दिला तो जोडप्याच्या खासगीपणाने, ज्यात आत काय चालते हे बाहेरच्याने विचारायचे नाही. आतल्या प्रत्येक व्यक्तीचे खासगीपण याच्या नेमके उलट काम करते. मार खाणाऱ्या बाईला हवे असते काय? नवऱ्याला न दिसणारे बँक खाते, न तपासला जाणारा फोन, 181वर केलेला आणि कॉलच्या यादीत पकडला न जाणारा फोन, आईशी एकटीने बोलण्याची मुभा. 2005चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो. पण त्या कायद्यापर्यंत पोचायचे तर आधी कोणाच्या नकळत एक फोन करता यावा लागतो.

आमचे छान चालले आहे. चालू द्या. ओटीपी सांगायला, दवाखान्यात धावपळ झाली तर, गाडी चालवताना मेसेज वाचायला एकमेकांचा फोन उघडता येणे ही सोय आहे, आणि सोयीशी माझे भांडण नाही. पासवर्ड उद्या बदलला आणि कारण सांगितले नाही, तर घरात काय होईल, एवढाच प्रश्न आहे. काहीच होणार नसेल तर ती सोय. रात्रभर अबोला होणार असेल तर मघापासून जिच्याबद्दल बोलतो आहे तीच ही झडती.

मग वाटेल ते लपवायचे का? नाही. इथे माझ्या युक्तिवादाचा कणा आहे: सांगण्याचे कर्तव्य आणि झडतीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे दुसऱ्याच्या शरीरावर, पैशावर किंवा आयुष्याच्या निर्णयावर परिणाम करते ते सांगायला माणूस बांधलेला आहे. दोघांच्या नावावर गृहकर्ज असताना एकाने हप्ते थकवले तर दुसऱ्याची पतही घसरते. सेबीच्या 2024च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजारातल्या एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. त्यातले किती तोटे घरात सांगितले गेले असतील, हा प्रश्न मला कुठल्याही प्रेमप्रकरणापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. तरीही कर्तव्य चुकवणाऱ्याला जाब विचारता येतो, त्याचे खिसे उलटे करता येत नाहीत.

हा तोल कसा साधावा याचा उत्तम नमुना एका कायद्यातच आहे. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बाधित व्यक्तीवर जोडीदाराला संसर्गापासून जपण्याचे बंधन घातले. जोडीदाराला तपासणीचे कागद मागण्याचा अधिकार मात्र दिला नाही. गरज पडली तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात, पण आधी रुग्णाला समजावून, त्याला सांगण्याची संधी देऊन. आणि स्त्रीला मारहाण किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल तर त्यांनी तिच्या जोडीदाराला सांगायचेच नाही. गर्भपाताच्या 1971च्या कायद्याने तर सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी मानली. दोन्हीकडे प्रश्न तोच विचारला गेला: परिणाम कोणाच्या शरीरावर? उत्तरही त्यातूनच निघाले.

आणि ज्याला खरोखर संशय आहे, त्याने काय करावे? त्याने विचारावे. समोरचा खोटे बोलू शकतो, हे खरेच. पण मग ठरवायचे ते हे, की या माणसाच्या उत्तरावर मी विसंबणार आहे की नाही. विसंबणार असेन तर फोन पाहण्याची गरज नाही. विसंबणार नसेन, तर फोनमध्ये काहीही सापडले नाही तरी मी विसंबणार नाहीच. फोन उघडणाऱ्याला वाटते की तो निर्णयासाठी पुरावा गोळा करतो आहे. पुष्कळदा तो निर्णय लांबणीवर टाकत असतो, कारण शोध चालू आहे तोवर राहायचे की निघायचे याचे उत्तर द्यावे लागत नाही. हा निर्णय अवघड आहे, आणि त्यासाठी माणसांची मदत घेण्यात कमीपणा नाही. 1984च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायाधीशांच्या जोडीला समुपदेशकांची तरतूद केली ती उगीच नाही. त्यांच्यासमोर बसून "माझा तुझ्यावर विश्वास उरलेला नाही" हे वाक्य मोठ्याने म्हणावे लागते. ते म्हणण्याची तयारी नसते, म्हणून जोडीदार झोपल्यावर त्याचा अंगठा हळूच स्क्रीनला लावला जातो.